नस गोठवून दुखणं कमी करतात म्हणजे नक्की काय करतात?

आमच्या क्लिनिकमध्ये आल्या आल्या तुम्हाला एकच सांगणार, दुखतंय कुठं ते एका बोटानं दाखवा. अख्खा तळवा कमरेवर फिरवून "हितनं तिथपर्यंत सगळंच ओ" म्हणालात तर ही ट्रीटमेंट बहुतेक तुमच्यासाठी नाही. पण ऑपरेशनच्या जुन्या व्रणाजवळ, बरगडीच्या कडेला, गुडघ्याच्या आतल्या बाजूला असा एकच ठरलेला पॉइंट महिनोन्महिने ठणकतोय, गोळ्या खाऊन पित्त वाढलं पण दुखणं आहे तिथंच, तर पुढचं वाचा.

(नस म्हणजे रक्ताची नव्हे, दुखण्याचा निरोप मेंदूकडं नेणारी. रोज कोणतरी विचारतंय म्हणून आधीच सांगितलं.)

पहिल्यांदा टेस्ट. भुलेचं थोडं औषध त्या नसेपाशी सोडतो, मग तुम्ही आमचाच जिना चढून उतरून बघायचा. तेवढ्या तास-दोन तासांत दुखणं चांगलं कमी झालं तरच पुढं जायचं, नाहीतर नस ती नव्हेच, उगाच पैसे घालवू नका.

मेन प्रोसिजरला जागा बधिर करून, सोनोग्राफीवर बघत बघत जाड सुईसारखा प्रोब नसेपर्यंत नेतात. त्याच्या आतनं नायट्रस ऑक्साईड गॅस प्रेशरनं येतो, टोकाशी एकदम पसरतो आणि टोक उणे 70 डिग्रीच्या आसपास गार पडतं. गॅस अंगात सुटत नाही, आतल्या आत मागं फिरतो. टोकाला बर्फाचा गोळा धरतो, रंकाळ्यावरचा नव्हे, बारकासा, स्क्रीनवर काळा दिसतो, बघायचा असेल तर स्क्रीन वळवून दाखवतो. दोन-तीन मिनिटं गोठवायचं, वितळू द्यायचं, परत गोठवायचं.

नस कापत नाहीत. आतली तार मरते, बाहेरचं कव्हर शाबूत राहतं, त्यातनंच तार परत वाढते, दिवसाला साधारण 1 मिलिमीटर. म्हणून आराम काही आठवडे ते काही महिने, कायमचा नाही, कोण तसं सांगत असेल तर जरा जपून. दुखणं परत आलं तर परत करता येतं, पण मधल्या काळात व्यायाम केलाच पाहिजे.

जागा बधिर वाटणं, काळंनिळं पडणं हे होतं, क्वचित कातडीवर डाग पडतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, गारठ्यात बोटं पांढरी पडत असतील, गार पाण्यानं अंगावर गांधी उठत असतील तर आधी सांगा, लपवू नका.

त्याच दिवशी घरी जाता येतं, पण गाडी स्वतः चालवत येऊ नका. कागल-हुपरीकडनं येणाऱ्यांनी सोबत कुणाला तरी आणा, आणि गादीखाली ठेवलेले जुने एमआरआय पण.