गोल्फचे बूट : स्पाइकवाले आणि बिनस्पाइकचे

गोल्फचा फटका मारताना पाय जमिनीत रोवलेला रहावा म्हणून तळाला खास रचना केलेले बूट. तळाला पेचाने बसवलेले आणि झिजल्यावर बदलता येणारे खिळे किंवा क्लीट असतील तर ते स्पाइकवाले, आणि तळ अन् त्यावरची रबरी बुंदकी एकाच साच्यातून निघालेली असतील तर ते बिनस्पाइकचे म्हणजे स्पाइकलेस. ही व्याख्या आजची आहे हे लक्षात ठेवलेलं बरं, कारण तीसेक वर्षांपूर्वी स्पाइकलेस या शब्दाचा अर्थ वेगळा होता आणि बराचसा घोळ तिथूनच सुरू होतो (पुढे आलंय). ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात ही निवड मुख्यतः पावसावर आणि मातीवर ठरते, खेळाडू किती तयार आहे यावर त्यामानाने कमी.

बोलण्यात स्पाइक, स्टड, क्लीट हे तिन्ही शब्द सरमिसळ होतात. मैदानी क्रिकेटमध्ये वाढलेल्या माणसाला स्पाइक म्हटलं की फास्ट बॉलरच्या बुटाचे धातूचे खिळेच दिसतात, फुटबॉलवाला स्टड म्हणतो. गोल्फमध्ये क्लीट म्हणजे बहुतेक वेळा प्लास्टिकची छोटी चकती, खेकड्यासारखे चहूबाजूंनी पाय फुटलेली. ती जमिनीत घुसत नाही, गवताच्या पात्यांना धरते. खिळा मात्र टोचतो आणि घुसतो. सगळा फरक या एका गोष्टीत आहे.

उगम आणि कालनिश्चिती

१८५७ साली स्कॉटलंडमध्ये छापलेल्या एका गोल्फ-पुस्तिकेत तळाला बारीक खिळे मारलेले दणकट बूट घालावेत असा सल्ला आहे आणि लेखी पुराव्याची सुरुवात सहसा इथूनच धरतात. पण सल्ला छापून येतो तोवर ती गोष्ट चालू झालेलीच असते, त्यामुळे प्रथा याच्याही आधीची असावी हे मत जास्त पटतं. घोड्याला नाल, बैलाला पत्री आणि पलटणीच्या बुटांना खिळे हे सगळं तेव्हा रोजचंच होतं, तेव्हा गोल्फरने गावातल्या मोच्याकडे जाऊन चार खिळे ठोकून घेतले असतील तर त्यात ‘शोध’ म्हणावा असं फारसं काही नाही. (फूटजॉय ही बुटांची प्रसिद्ध अमेरिकन कंपनीसुद्धा आपला वंश मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉकटन गावी १८५७ सालीच निघालेल्या कारखान्यापर्यंत नेते. हा निव्वळ योगायोग, त्यातून काही सिद्ध होत नाही, तरी लोक ही दोन सालं एकात एक मिसळतात.)

ठोकलेल्या खिळ्यांची अडचण उघड आहे, ते ढिले होतात, वर सरकून पायाला टोचतात आणि भोकातून पाणी आत येतं. म्हणून पेचाचे खिळे आले. त्यांचं साल काही ठिकाणी थेट १८९१ दिलेलं असतं, काही ठिकाणी नुसतंच ‘एकोणिसाव्या शतकाचं शेवटचं दशक’. दुसरं विधान सावध आहे म्हणून तेच घ्यावं. शिवाय वस्तू निघणं आणि ती सर्रास पायात येणं यात अंतर असतं, पेचाचा खिळा रुळला तो विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत असं म्हणायला हरकत नाही. पुढे तळाला अकरा-बारा पोलादी खिळे, लांबी साधारण ६ ते ८ मिलिमीटर, टोक लवकर बोथट होऊ नये म्हणून त्यावर टंगस्टन कार्बाइड, असा बूट कित्येक वर्षं कायम राहिला.

प्लास्टिकच्या मऊ स्पाइकचं जन्मस्थान मात्र वादात नाही, ते अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातलं बॉइसी शहर. तिथल्या काही गोल्फरांना कडक हिवाळ्यातही खेळायचं होतं आणि धातूच्या खिळ्यांनी ग्रीनची (चेंडू ज्यात घालायचा त्या होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताची) चाळण व्हायची. थंड हवेतल्या गवताची वाढ हिवाळ्यात थांबते, मग पडलेलं भोक आठवडेच्या आठवडे भरत नाही. वाद फक्त सालाचा आहे. १९९० पासून १९९३ पर्यंत वेगवेगळी सालं छापलेली दिसतात, आणि त्याचं कारण बहुधा इतकंच की कोणी कल्पनेचं साल देतो, कोणी पेटंटचं, कोणी वस्तू बाजारात आली त्याचं. १९९० च्या दशकाचा आरंभ एवढं म्हटलं की पुरे. ते दशक संपेपर्यंत अमेरिकेतल्या बहुसंख्य क्लबांनी धातूचे खिळे बंद केले होते. व्यावसायिक खेळात तसं झालं नाही, पीजीए टूरने (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मुख्य मालिकेने) धातूला सरसकट बंदी घातली नाही आणि टायगर वुड्ससारखा खेळाडू बरीच वर्षं धातूच्याच खिळ्यांवर खेळला.

‘स्पाइकलेस’ शब्दाचा घोळ

क्लबांनी १९९० च्या दशकात ‘आमचा कोर्स (मैदान) स्पाइकलेस’ असं जाहीर केलं तेव्हा त्याचा अर्थ होता धातूचे खिळे चालणार नाहीत, प्लास्टिकचे चालतील. म्हणजे आज आपण ज्याला स्पाइकवाला बूट म्हणतो तो त्या काळच्या भाषेत स्पाइकलेसच होता! बदलता येणारा भागच नसलेल्या बुटाला हे नाव चिकटलं ते नंतर. तेव्हा जुन्या नियमावल्या आणि जुने लेख वाचून ‘स्पाइकलेस बूट १९९५ लाच लोकप्रिय झाले होते’ असं कोणी लिहिलं तर ते शब्दाला धरून बरोबर आणि वस्तूला धरून चूक. रबरी बुंदक्यांचे तळ तसे आधीपासून होते, पण ते सरावाचे किंवा कोरड्या दिवसाचे बूट मानले जायचे.

नव्या अर्थाचा स्पाइकलेस बूट लोकांच्या नजरेत भरला तो एप्रिल २०१० मध्ये. मास्टर्स या अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धेत अमेरिकन खेळाडू फ्रेड कपल्स पन्नाशीत, एको कंपनीचे साध्या रस्त्यावरच्या बुटासारखे दिसणारे बूट मोज्यांशिवाय घालून उतरला आणि पहिल्याच दिवशीचा राउंड म्हणजे पूर्ण फेरी ६६ फटक्यांत संपवून (फटके जितके कमी तितकं चांगलं) आघाडीवर राहिला. त्यानंतर जवळपास प्रत्येक कंपनीने तसा बूट काढला. याला क्रांती वगैरे म्हणतात ते जरा जास्तच होतं, पण ‘असा बूट म्हणजे नवशिक्याचा’ ही समजूत त्या आठवड्यानंतर मागे पडली हे खरं.

नियम

गोल्फच्या नियमांत अमुकच बूट घाला अशी सक्ती नाही. स्थानिक समितीला मात्र बंदीचा नमुना-नियम लावता येतो आणि त्यातली व्याख्या मुळातून बघण्यासारखी आहे. जमिनीत खोल घुसेल अशा टोकाचा स्पाइक मग तो धातूचा असो, सिरॅमिकचा असो की प्लास्टिकचा, बंद, आणि कोर्सला टेकेल असा धातूचा कुठलाही भाग असला तरी बंद. म्हणजे बंदी नुसत्या धातूवर नाही, टोकावरही आहे. ‘प्लास्टिकचं आहे म्हणजे चालतंय’ हे म्हणूनच नेहमी खरं ठरेल असं नाही.

दुसरा बदल १ जानेवारी २०१९ चा. त्याआधी ग्रीनवर चेंडू पडून झालेला खड्डा किंवा जुन्या होलची बुजवलेली जागा तेवढी नीट करता यायची, कोणाच्या बुटाने उचकटलेलं गवत आपल्या पटच्या (ग्रीनवर होलकडे हळूच मारायच्या फटक्याच्या) वाटेत आलं तरी हात लावायचा नाही. आता बुटाच्या खुणाही दाबून सारख्या करता येतात. स्पाइकविरुद्धची निम्मी तक्रार या एका नियमाने बोथट झाली, तरी क्लबांनी बंदी उठवली नाही कारण गवताचं नुकसान व्हायचं ते होतंच, शिवाय क्लबहाउसची फरशी आणि लाकूडकाम आहेच.

पायाखाली काय घडतं

उजव्या हाताच्या खेळाडूचं वजन बॅकस्विंगला (काठी मागे नेताना) उजव्या पायावर जातं, खाली येताना डाव्यावर सरकतं, आणि शेवटी उजव्या पायाची फक्त बोटं टेकलेली राहतात. डावा पाय त्याच वेळी बाहेरच्या बाजूला पीळ घेत असतो. दोन्ही पायांचं काम वेगळं आहे, त्यामुळे डावा-उजवा तळ एकाच नक्षीचा असण्याला तसा आधार नाही हा मुद्दा विल्यम्स आणि कॅव्हना या संशोधकांनी १९८३ साली मांडला होता. बाजारात आजही बहुतेक बुटांचे दोन्ही तळ आरशातल्या प्रतिमेसारखे एकसारखेच असतात. इंग्लंडमधल्या वर्सफोल्ड आणि सहकाऱ्यांनी पुढे २००८ च्या सुमारास खऱ्या गवतावर मोजमाप केलं, तेव्हा कमी हँडिकॅपचे म्हणजे चांगले खेळाडू ड्रायव्हर (लांब फटक्याची काठी) मारताना बूट आणि गवत यांच्यामध्ये जास्त पीळ निर्माण करतात असं दिसलं. यावरून जोरात मारणाऱ्याला पकड जास्त हवी असा एक पक्ष निघतो. दुसरा पक्ष म्हणतो की बूट जमिनीला इतका चिकटला की पाऊल वळतच नाही आणि तो पीळ वर गुडघ्यात जातो, म्हणून थोडी सुट्टी देणारा तळ बरा. गुडघा दुखरा असलेल्या माणसाने दुसरं ऐकावं. बाकीच्यांसाठी कोरड्या जमिनीवर दोन्ही बुटांतला फरक जाहिरातीत वाटतो तेवढा नाही, असंच म्हणावं लागतं.

ठाणे-नवी मुंबईतली परिस्थिती

मुंबई इलाख्यात गोल्फ जुना, रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब १८४२ चा, चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी १९२७ चा. ठाण्याचे खेळाडू बरेचदा चेंबूर गाठतात नाहीतर सिडकोचा खारघर व्हॅली गोल्फ कोर्स, जो पांडवकडा धबधब्याच्या बाजूला डोंगरांच्या कुशीत आहे.

इथलं गवत म्हणजे मुख्यतः बर्म्युडा. नाव परदेशी वाटलं तरी ही आपलीच हरळी, गणपतीला वाहतो त्या दूर्वांचं गवत. ग्रीनसाठी जे बुटके वाण वापरतात ते हरळीचा दक्षिण आफ्रिकेतल्या तिच्या भाऊबंदाशी संकर करून काढलेले. हरळी जमिनीलगत आणि जमिनीखाली धावती खोडं टाकते, उन्हात झपाट्याने भरून येते, म्हणजे बॉइसीच्या हिवाळ्यातली अडचण इथे तशीच्या तशी लागू होत नाही. पण हरळीला सावली सोसत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ आठ-आठ दिवस उघडत नाही, गवत मंदावतं, खालची माती भिजून लगदा झालेली असते, आणि नेमकं त्याच दिवसांत उतारावर उभ्या खेळाडूला टोकदार पकड हवीशी वाटते. म्हणजे स्पाइकची गरज आणि स्पाइकचं नुकसान दोन्ही एकाच महिन्यात टिपेला. प्लास्टिकची क्लीट ही इथे तडजोड नाही तर जवळजवळ एकमेव वाट आहे.

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर या पट्ट्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. भिजलेल्या हरळीवर बुंदक्यांचा तळ चालतो, चिखलावर चालत नाही, बुंदक्यांमधल्या फटी चिकणमातीने बुजल्या की तळ सपाट होतो आणि मग चपलेत आणि त्यात फरक रहात नाही. क्लीटमध्येही माती भरतेच पण तिचे पाय लांब आणि लवचीक असल्यामुळे चालताना थोडी झटकली जाते, उरलेली टीने (चेंडू ठेवायच्या खुंटीने) कोरून काढायची. ऑक्टोबरच्या उन्हात जमीन वाळून टणक झाली की गणित उलटतं, क्लीटवर उभं राहिलं की गोट्यांवर उभं राहिल्यासारखं वाटतं आणि मुरुमाच्या वाटांवरून, पार्किंगच्या काँक्रीटवरून चालून ती भराभर झिजते. ड्रायव्हिंग रेंजच्या (फटक्यांच्या सरावाच्या जागेच्या) प्लास्टिक मॅटवर तर क्लीट घालूच नये, अडकते. जो माणूस आठवड्यातून दोनदा रेंजवर आणि महिन्यातून एकदा कोर्सवर जातो त्याला बिनस्पाइकचा एकच जोड पुरतो, पावसाळ्यात तसंही बरेच जण क्लब म्हणजे खेळायच्या काठ्या कपाटात ठेवतात. भर पावसात खेळणाऱ्याने मात्र क्लीटचा जोड वेगळा ठेवावा. एकच जोड घेऊन बाराही महिने खेळायचं असेल तर क्लीटवाला घ्यावा कारण झिजला की तळ नवा करता येतो, बिनस्पाइकच्याची बुंदकी गुळगुळीत झाली की अख्खा बूटच जातो.

क्लीट बदलणे आणि निगा

क्लीट साधारण १५-२० राउंडनंतर बदलावी असं उत्पादक सांगतात, पण काँक्रीटवर किती चाललात त्यावर ते अवलंबून. खरी डोकेदुखी आट्यांची आहे. जुन्या धातूच्या खिळ्यांचे मोठ्या आणि छोट्या आट्यांचे दोन प्रकार होतेच, त्यावर फास्ट ट्विस्ट, क्यू-लॉक, पिन्स, स्लिम-लॉक अशा वेगवेगळ्या बैठका आल्या आणि एकीची क्लीट दुसरीत बसत नाही. वरून सगळ्या चकत्या सारख्याच दिसतात म्हणून लोक चुकीचं पाकीट आणतात. जुनी चकती काढून खालची खाच बघावी, फोटो काढून ठेवावा आणि मग ऑर्डर करावी. पावसाळाभर काढली नाही तर क्लीट रेतीने जाम होते, मग दोन दात्यांच्या पान्याने फिरवताना दात्यांची भोकंच फाटतात. म्हणून जूनमध्ये एकदा काढून, आटे साबणाने पुसून परत बसवणं शहाणपणाचं.

दमट हवेचा आणखी एक त्रास दोन्ही प्रकारांना सारखाच. तळाच्या मधल्या थराचं पॉलियुरेथेन (एक प्रकारचा फोम) हवेतल्या ओलाव्याने हळूहळू विघटित होतं, वापर नसला तरी, किंबहुना डब्यात बंद ठेवलं की उलट जास्त, कळत नाही इतकंच. चार-पाच वर्षं जपून ठेवलेला बूट पहिल्याच टीवर, म्हणजे खेळाच्या सुरुवातीलाच, सोल टाकतो तो यामुळे. इव्हीए या दुसऱ्या प्रकारच्या फोमला हा रोग नाही. चामड्यावर श्रावणात बुरशीची पांढरी झाक येते ती कोरड्या फडक्याने पुसावी, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली वाळवावं, उन्हात नको, हेअर ड्रायरने तर अजिबात नको.

लहान मुलांच्या बुटांबद्दल लिहिण्यासारखं थोडंच आहे. क्लीट झिजायच्या आधी पाय वाढतो, म्हणून त्यांना बिनस्पाइकचेच घेतात आणि धाकट्याला पुढे चालतात.