हलक्या रेल्वेचा उपनगरी विस्तार (गोव्याच्या संदर्भात)

शहरात धावणाऱ्या हलक्या रेल्वेचा (लाइट रेल, आधुनिक ट्राम) मार्ग उपनगरांपर्यंत वाढवण्याचे नियोजन व बांधकाम. रूळ १,४३५ मिमी गेजचे (दोन रुळांमधले अंतर), वीज साधारणपणे ७५० व्होल्ट डीसी, चढ ६ टक्क्यांपर्यंत आणि वळणाची त्रिज्या अगदी २५ मीटरपर्यंत कमी असली तरी चालते. म्हणूनच ही गाडी मेट्रो जाऊ शकत नाही अशा रस्त्यांवरून जाते.

गोव्यात अशी रेल्वे नाही. शहरी वाहतुकीसाठी इथे झालेला ठळक प्रयोग म्हणजे कोकण रेल्वेची मडगावची स्कायबस (उंच मार्गाखाली लटकून धावणारी गाडी). तिच्या १.६ किमी चाचणी मार्गावर २५ सप्टेंबर २००४ रोजी अपघातात एका कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला. प्रकल्प पुढे सरकला नाही आणि २०१३ मध्ये सांगाडा उतरवण्यात आला.

केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणानुसार आधी सर्वंकष वाहतूक आराखडा करावा लागतो. मग बससह सर्व पर्यायांची तुलना होते आणि आर्थिक परतावा किमान १४ टक्के दाखवावा लागतो. साऱ्या राज्याची लोकसंख्या २०११ मध्ये १४.५८ लाख होती, त्यामुळे ही तुलना प्रामाणिक झाली तर बऱ्याच मार्गांवर कदंबच्या (राज्याच्या परिवहन महामंडळाच्या) बसगाड्या वाढवणेच योग्य ठरेल.

गाड्यांचा हिशेब सोपा आहे. विस्तार ८ किमी आणि सरासरी वेग ताशी २० किमी धरला, तर जाऊन येण्यात ४८ मिनिटांची भर पडते. दर १० मिनिटांनी गाडी सोडायची तर ५ गाड्या जादा लागतात, शिवाय एक राखीव. जुन्या डेपोत त्यांना जागा आहे का, हे बहुधा फार उशिरा विचारले जाते. वीजपुरवठ्याचेही तसेच. शेवटच्या टप्प्याला एकाच बाजूने वीज मिळते आणि दोन गाड्या एकदम सुटल्या की विजेचा दाब (व्होल्टेज) कोसळतो. म्हणून टोकाजवळ उपकेंद्र हवेच.

खर्च आणि विलंब मात्र ठरतात जमिनीखाली. रस्त्यात रूळ बसवायला ६०-७० सेंमी खोदून काँक्रीटचा पाट (सलग लादी) घालतात. त्याखाली जलवाहिनी, गटार किंवा केबल राहिली, तर पुढे दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवाव्या लागतात. म्हणून हे सारे आधी बाजूला हलवतात, आणि जुने नकाशे इथेच दगा देतात. एडिंबराची ट्राम याच हलवाहलवीत आणि कंत्राटाच्या वादात अडकली. मूळ अंदाज ५४.५ कोटी पौंडांचा होता, पण २०१४ मध्ये आखुड मार्ग सुरू होईपर्यंत ७७.६ कोटी खर्च झाले. वगळलेला न्यूहेवनचा भाग २०२३ मध्ये जोडला गेला. जमिनीखाली काय आहे ते पाहण्याचे चाचणी खड्डे (हाताने खणलेले, यंत्राने नव्हे) ही यातली सर्वांत स्वस्त विमा-हप्त्याची रक्कम.

पणजीभोवती खाजन जमिनीचा (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या सखल जमिनीचा) प्रश्न जास्त बिकट आहे. मऊ चिखलावर घातलेला भराव वर्षानुवर्षे खचत राहतो. खडीवरचा रूळ पुन्हा उचलून घेता येतो, काँक्रीटचा पाट नाही. उपाय दोन: चिखलातले पाणी बाहेर काढणारे उभे निचरा-पट्टे रोवून वर जादा मातीचा भार ठेवायचा आणि महिनोन्‌महिने थांबायचे, किंवा पाट पाइल्सवर (जमिनीत खोल रोवलेल्या खांबांवर) उभारायचा. पाइल्सवरचा भाग आणि साधा भराव जिथे मिळतात तिथे गचका बसतो, तिथे जोडपट्टी-स्लॅब लागतो. भराव आडवा आला की बांध आणि मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) चालणारी भरती-ओहोटीची ये-जा तुटते. त्यामुळे मोऱ्या पाण्याच्या नेहमीच्या वाटेवरच ठेवाव्या लागतात, नकाशावरच्या सोयीच्या जागी नव्हे. सागरी किनारा नियमन क्षेत्राची परवानगीही यात येते.

बांबोळीच्या पठारासारख्या ठिकाणी चढताना जांभा लागतो. तो कापायला सोपा, पण त्याखालची मऊ चिकणमाती पाण्याने सुटते. पेडण्याच्या बोगद्यात जुलै २०२४ मध्ये पाणी शिरून कोकण रेल्वेची वाहतूक थांबली, ती अशाच मऊ मातीत. पोर्वरीकडे जायचे तर मांडवी आडवी. तिथले तिच्यावरचे पूल रस्त्यासाठी बांधलेले आहेत, आणि रूळ टाकताना भारापेक्षा पुलाच्या सांध्यांची हालचाल त्रास देते.

भूसंपादनात कोमुनिदादची (गावाच्या सामाईक जमिनीच्या संस्थेची) मालकी, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेले) आणि कुळांचे हक्क हे सारे निघते. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातल्या जमीन नोंदीवर) नाव एकाचे आणि ताबा दुसऱ्याचा, हे नवल नाही.

जून ते सप्टेंबर मातीकाम थांबते. रुळांचे थर्मिट जोडही (साच्यात वितळलेले पोलाद ओतून केलेले) पावसात करत नाहीत. साच्यात ओल राहिली तर जोड सच्छिद्र होऊन पुढे तुटतो. डीसी प्रवाह परतीच्या रुळांतून खारट, ओल्या जमिनीत झिरपून लोखंडी नळ गंजवतो, म्हणून रूळ रबरी आवरणात बसवतात. रुळाच्या खाचेत (चाकाची कड जाते ती फट) लाल माती व पाने साचतात. तिथे निचरा-पेट्या लागतात आणि त्यांची साफसफाई रोजच्या कामात धरावी लागते. स्कूटरची चाकेही याच खाचेत अडकतात. म्हणून दुचाकीचा रस्ता रुळाला शक्य तितक्या काटकोनात नेतात, आणि गोव्यात हा मुद्दा आराखड्याच्या पहिल्याच पानावर यायला हवा.

शेवटी जुन्या टोकाला नवे रूळ जोडतात. हे काम रात्रीच्या बंदीतच होते. आधी वीज न देता गाडी ओढून आजूबाजूची मोकळी अंतरे तपासतात, मग वरची वीजतार चालू करून कमी वेगाने, मग पूर्ण वेळापत्रकानुसार रिकामी गाडी चालवतात. मेट्रो कायद्याखालील मार्ग असेल तर मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या मंजुरीनंतरच प्रवासी घेता येतात.