पाठीवर दोन स्लेड

हिवाळ्यातल्या शनिवारी पहाटे कॅलगरीहून ट्रान्स-कॅनडा हायवेला लागलात की पुढच्या पिकअपच्या पाठीवर हमखास दोन स्नोमोबील, म्हणजे बर्फावर चालवायच्या मोटरगाड्या, दिसतील, गोल्डन नाहीतर रेव्हलस्टोकच्या डोंगरांकडे निघालेल्या. तिकडे त्यांना नुसतं ‘स्लेड’ म्हणतात. डोंगरात चालवायची स्लेड पेट्रोल भरून अडीचशे किलोंच्या आसपास जाते आणि तीन मीटरहून लांब असते. चार दारांच्या पिकअपचा हौदा मात्र बहुधा साडेपाच फुटांचा, म्हणजे जेमतेम १.७ मीटर. एक स्लेड फाळका उघडा टाकून कशीबशी मावते. दोन न्यायच्या तर हौद्याच्या कठड्यांवर अ‍ॅल्युमिनियमचा मंच बसवतात आणि त्यावर दोघी शेजारीशेजारी उभ्या करतात. हा ‘स्लेड डेक’.

गाडी एवढं ओझं पेलते का? अशा पिकअपना ‘हाफ-टन’ म्हणतात, पण त्या नावावर जाऊ नका, ते जुन्या काळातलं उरलेलं आहे. खरा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो: माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती. ‘माणसं’ हा शब्द तिथे मुद्दाम आहे. दोन स्लेड ५०० किलो, डेक दीडशे, जाड कपडे आणि बूट घातलेले चौघे ३६० किलो. झाले १,०१०. भरपूर सोयींच्या हाफ-टन गाडीवर हा आकडा ७००च्या घरातही असू शकतो, कारण काचेचं छप्पर आणि गरम होणाऱ्या सीटा यांचं वजनही त्यातूनच वजा होतं. परतताना स्लेडच्या पोटात घट्ट बसलेला बर्फ वेगळाच.

बैलगाडीत मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. पिकअपबद्दलही पहिली भीती हीच वाटते. गणित करून पाहू. स्लेडचा गुरुत्वमध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या ४० सेंटिमीटर मागे पडला आणि दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर ३.७ मीटर असलं, तर दोन स्लेड मिळून पुढच्या चाकांवरचं फक्त ५४ किलो वजन उचलतात. बर्फाळ वळणावर स्टीअरिंग थोडं हलकं लागेल, पण गाडी उलाळ होणार नाही. म्हणून मला ही भीती थोडी फुगवलेली वाटते.

उंचीचं तसं नाही. रस्त्यावरची गाडी किती सहज कलंडेल हे मोजायचं एक सोपं माप आहे: डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचा अर्धा भाग भागिले गुरुत्वमध्याची उंची. अमेरिकेची वाहतूक सुरक्षा संस्था मोटारींना तारे देताना हेच वापरते. समजा २,३०० किलोंची पिकअप आहे, तिचा गुरुत्वमध्य ०.७ मीटरवर आणि चाकांत १.७ मीटरचं अंतर. भागाकार येतो १.२१. आता १.४ मीटरवर डेक आणि १.९ मीटरवर दोन स्लेडचे गुरुत्वमध्य ठेवा. एकूण गुरुत्वमध्य ०.९४ मीटरवर चढतो आणि भागाकार ०.९० वर उतरतो. म्हणजे एक चतुर्थांश स्थिरता गेली, आणि चालकाच्या सीटवर बसून यातलं काहीच दिसत नाही. गंमत अशी की निव्वळ बर्फावर गाडी सहसा कलंडत नाही, कारण त्याआधी टायर घसरतात. धोका असतो तो घसरत जाऊन चाक कडेच्या मऊ मातीत किंवा चरात अडकतं त्या क्षणी, नाहीतर घाट उतरल्यावर कोरड्या डांबरावर, जिथे टायर पुन्हा घट्ट धरतात आणि चालक नेमका निर्धास्त झालेला असतो.

चढवताना होणारे अपघात न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचे. स्लेडखाली फिरणारा रबरी पट्टा तिला वर ढकलतो तेव्हा तोच रॅम्पला मागे ढकलत असतो. रॅम्पचं वरचं टोक फाळक्यावर नुसतं टेकवलेलं असेल तर ते सटकतं, आणि स्लेड मधल्या फटीत कोसळते, कधी चालकाला खाली घेऊन. रॅम्प गाडीला बांधायचा तो यासाठी. लांबीही महत्त्वाची. फाळका ९० सेंटिमीटर उंच असला तर २.४ मीटरच्या रॅम्पवर अडीचशे किलोंच्या स्लेडला वर सरकवायला घर्षण सोडूनही ९४ किलोंइतकं बळ लागतं, ३.६ मीटरच्या रॅम्पवर ६३ किलोंइतकं. जाणते लोक याहून सोपं करतात: गाडी मागे घेऊन रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगाला लावतात. फाळका आणि ढीग एका पातळीत आले की चढ उरतच नाही.

राहिले स्लेड बांधायचे पट्टे. अमेरिकेत मालवाहू गाड्यांच्या नियमात धरून चालतात की ब्रेक लागल्यावर माल स्वतःच्या वजनाच्या ०.८ पट जोरानं पुढे झेपावेल. अडीचशे किलोंची स्लेड म्हणजे २०० किलोंचा रेटा, आणि पुढे केबिनची काच. पट्टा सरळ खाली ओढून कितीही आवळला तरी या रेट्याला तो थेट अडवत नाही. तो स्लेडला फक्त डेकवर दाबतो, आणि ओल्या अ‍ॅल्युमिनियमवर स्लेडच्या पुढच्या प्लास्टिकच्या स्कीला, म्हणजे घसरायच्या पट्टीला, घर्षण ते किती! ४५ अंशांत मागे ओढलेल्या पट्ट्यातला सत्तर टक्के ताण मात्र आडवा काम करतो. पट्ट्यावर दोन आकडे असतात, त्यातला छोटा खरा. मोठा आकडा तुटण्याचा, आणि कामाची मर्यादा साधारण त्याच्या एक तृतीयांश. स्लेडच्या स्प्रिंगा थोड्या दबतील इतपत आवळावं. नाहीतर खड्ड्यात त्या दबतात, पट्टा क्षणभर सैल पडतो आणि हूक निसटतो.

परतीच्या वाटेवर दरीत उतरलं की हवा उबदार होते. सकाळी आवळताना स्की आणि डेक यांच्यामध्ये बर्फाचा थर असेल तर तो वितळतो, स्लेड दोन बोटं खाली बसते आणि पट्टे लोंबू लागतात. गोल्डनच्या पेट्रोल पंपावर नळी टाकीत अडकवून लोक गाडीभोवती फिरत एकेक पट्टा हातानं ओढून पाहताना दिसतात, ते याचसाठी.