एडनच्या दारातली वाट

आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा अंत १८८३ साली एडनच्या तुरुंगात झाला, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. मुंबई सरकारचा कैदी अरबस्तानात कसा, हा प्रश्न मात्र सहसा पडत नाही. एडन तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं. १८३९च्या जानेवारीत मुंबईहून गेलेल्या फौजेनं ते घेतलं आणि १९३२पर्यंत त्याचा कारभार मुंबईकडे राहिला. मुंबई ते सुएझ ये-जा करणाऱ्या आगबोटींना वाटेत कोळसा भरायला जागा हवी होती. शिवाय तिथून तांबड्या समुद्राच्या तोंडावर नजर ठेवता येत होती. त्या तोंडाचं नाव बाब-अल-मंदब, म्हणजे ‘आक्रोशाचं दार’. रुंदी जेमतेम तीस किलोमीटर.

१८६९च्या नोव्हेंबरात वरच्या टोकाला सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई–लंडन अंतर सात-आठ हजार किलोमीटरनं घटलं. १८८८च्या करारात ठरलं, की युद्ध असो वा शांतता, कालवा सगळ्या देशांच्या जहाजांना मोकळा राहील. कागद उत्तम होता. १९५६मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं, ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायलनं हल्ला केला, आणि इजिप्तनं पात्रात जहाजं बुडवून वाटच बुजवली. ती मोकळी व्हायला पुढच्या वर्षाचा एप्रिल उजाडला.

खरा धडा १९६७चा. जूनमधल्या अरब–इस्रायल युद्धात कालवा बंद पडला तो थेट आठ वर्षं. वाटेत असलेली चौदा जहाजं ग्रेट बिटर लेक या खाऱ्या सरोवरात अडकली. दोन्ही काठांवर शत्रूसैन्यं, मध्ये ही जहाजं. वाळवंटातली धूळ बसून ती पिवळी पडली, म्हणून त्यांना ‘पिवळा ताफा’ म्हणू लागले. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत ब्रिटिश, पोलिश, जर्मन, बल्गेरियन खलाशी एकमेकांच्या जहाजांवर जेवायला जात. त्यांनी स्वतःची टपाल तिकिटं काढली, १९६८मध्ये स्वतःचं ऑलिंपिकही भरवलं! १९७५मध्ये कालवा खुला झाला तेव्हा फक्त दोन जर्मन जहाजं स्वतःच्या इंजिनावर घरी पोचली.

बाहेरचं जग तोवर थांबलं नव्हतं. आखातातलं तेल आफ्रिकेला वळसा घालूनच न्यायचं, तर टँकर जितका मोठा तितका खर्च कमी. त्यामुळे महाकाय टँकरांच्या बांधणीला जोर आला.

तेव्हा वाट अडवायला दोन देशांची सैन्यं लागली. अलीकडे एक बंडखोर गट पुरला. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनच्या हुथी बंडखोरांनी हेलिकॉप्टरमधून ‘गॅलेक्सी लीडर’वर उतरून ते जहाज पळवलं. नंतर ते चक्क लोकांना बघायला खुलं ठेवलं. पुढच्या काही महिन्यांत क्षेपणास्त्रं आणि ड्रोन आली. यात बुडालेली जहाजं मोजकीच, पण वाट रिकामी व्हायला तेवढं पुरलं. जहाजाच्या किमतीवर आकारला जाणारा युद्धजोखमीचा विमा हप्ता कित्येक पटींनी वाढला आणि कंपन्यांनी मुकाट्यानं आफ्रिकेच्या दक्षिण टोकाचं केप ऑफ गुड होप गाठलं. कालवा उघडाच होता. तरी इजिप्तचं त्यातलं उत्पन्न २०२३मधल्या सुमारे १० अब्ज डॉलरवरून २०२४मध्ये सुमारे ४ अब्जांवर आलं.

हे सगळं ऐन आपल्या द्राक्ष हंगामाच्या तोंडावर. न्हावाशेवाहून रॉटरडॅमला निघालेल्या नाशिकच्या मालाचा प्रवास दोनेक आठवड्यांनी लांबला आणि रीफर, म्हणजे शीतपेटीच्या, कंटेनरचं भाडं कडाडलं. तांबडा समुद्र नकाशावर कुठे असतो हे निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला त्या हंगामात वेगळं सांगावं लागलं नसेल.

‘गॅलेक्सी लीडर’चे खलाशी २०२५च्या जानेवारीत सुटले. वाहतूक थोडी परतू लागली होती, तोच जुलैत ‘मॅजिक सीज’ आणि ‘इटर्निटी सी’ ही दोन जहाजं एकाच आठवड्यात बुडवली गेली.