गृहनिर्माण मंत्र्यांना दर अधिवेशनात तेच ते प्रश्न का येतात, थोडं मागे जाऊन

विधिमंडळाच्या कुठल्याही अधिवेशनातली गृहनिर्माण खात्याची प्रश्नोत्तरं काढून बघा, मुंबईचे प्रश्न ठरलेले असतात. अमुक झोपू (झोपडपट्टी पुनर्वसन) योजना रखडली, हे खरे आहे काय, असल्यास रहिवाशांना भाडं मिळत नाही हे खरे आहे काय, असल्यास शासनाने काय कार्यवाही केली, नसल्यास विलंबाची कारणे काय. आणि खाली मंत्र्यांचं छापील उत्तर, हे अंशतः खरे आहे, विकासकाला नोटीस बजावली आहे, आणि शेवटच्या प्रश्नाला हमखास "प्रश्न उद्भवत नाही". लोक म्हणतात मंत्री टाळतात, टाळत असतीलही, पण खरी गोम अशी आहे की ज्या घरांबद्दल विचारलं जातंय ती बांधायची सरकारनेच सोडून दिलीत, बांधतो बिल्डर आणि सभागृहात उभा राहतो मंत्री. हे असं एका दिवसात झालेलं नाही.

सुरुवात प्लेगपासून. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, माणसं शहर सोडून पळाली, गिरण्यांना कामगार मिळेनात, तेव्हा सरकारला कळलं की कामगार कुठे राहतो हा आपलाही प्रश्न आहे. १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्याने रस्ते काढले, दाट वस्त्या पाडल्या, पण जेवढी बिऱ्हाडं उठवली तेवढी वसवली नाहीत. मग १९२० ला गव्हर्नर लॉइडने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं, तेच बीडीडी. ठरवल्या होत्या ५० हजार खोल्या, पैसा उभा करायला शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीवर एक रुपया कर लावला, आणि प्रत्यक्षात झाल्या २०७ चाळी, वरळी १२१, नायगाव ४२, ना. म. जोशी मार्ग ३२, शिवडी १२. १६० चौरस फुटांची खोली, बाहेर सामाईक संडास. गंमत म्हणजे ज्यांच्यासाठी बांधल्या ते कामगार सुरुवातीला तिकडे फिरकेनात, भाडं परवडत नव्हतं आणि सोयी नव्हत्या, त्यामुळे कित्येक खोल्या रिकाम्या पडल्या आणि सत्याग्रहाच्या काळात वरळीच्या चाळींचा चक्क तुरुंग झाला. त्याच खात्याच्या बॅकबे भरणीचा, म्हणजे समुद्रात भर टाकून जमीन काढायच्या कामाचा घोळ खुर्शेद नरीमन यांनी कौन्सिलात, म्हणजे तेव्हाच्या कायदेमंडळात लावून धरला होता. म्हणजे घर-जमिनीच्या सरकारी कामावरून सभागृहात सरकारला धारेवर धरणं ही मुंबईची शंभर वर्षांची सवय आहे. फरक एवढाच की तेव्हा काम सरकारचं स्वतःचं होतं, उत्तर टाळायला जागा कमी होती.

स्वातंत्र्याच्या वर्षी भाडे नियंत्रण कायदा आला आणि भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. भाडेकरूला हे संरक्षण हवंच होतं, त्याबद्दल वाद नाही, पण मालकाने दुरुस्तीतून अंग काढलं, पगडीचा व्यवहार रुजला आणि पावसाळ्यात इमारती कोसळायला लागल्या. त्यावर १९६९ चा दुरुस्ती मंडळाचा कायदा, रहिवाशांकडून उपकर घ्यायचा आणि मंडळाने डागडुजी करायची. शहर भागातल्या १९,६४२ इमारती यात आल्या, ज्यांना आपण सेस बिल्डिंग म्हणतो (उपनगरात हा प्रकार नाही, म्हणून बोरिवलीच्या माणसाला गिरगावचं दुखणं पटकन समजत नाही). १९७७ मध्ये हाऊसिंग बोर्ड, दुरुस्ती मंडळ, झोपडपट्टी सुधार मंडळ सगळं म्हाडात, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणात गोळा झालं. १९८६ ला कायद्यात दुरुस्ती झाली, ७० टक्के रहिवाशांनी मागणी केली तर म्हाडाने इमारत ताब्यात घ्यावी आणि रहिवाशांच्या सोसायटीला द्यावी. मालक कोर्टात गेले आणि ते प्रकरण फिरत फिरत सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींपुढे पोचलं, निकाल आला नोव्हेंबर २०२४ ला, की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती म्हणता येणार नाही. एवढा मोठा घटनात्मक वाद, मूळ मात्र आपल्या मोडकळीला आलेल्या चाळी.

झोपड्यांचं वळण वेगळं. १९७१ चा झोपडपट्टी कायदा, १९७६ ची गणना आणि फोटोपास (झोपडीधारकाचं फोटो असलेलं ओळखपत्र), म्हणजे नळ, संडास, दिवे द्या पण माणूस आहे तिथेच राहू द्या. १९८१ मध्ये भर पावसात फुटपाथवरच्या लोकांना उचलायला घेतलं तेव्हा प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, १९८५ च्या निकालात कोर्टाने म्हटलं की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, पण हटवण्याचा अधिकार पालिकेकडेच ठेवला. खरा सांधा बदलला तो नव्वदीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत बिल्डरला जादा एफएसआय (जमिनीच्या प्रमाणात किती बांधता येतं तो निर्देशांक) देऊन झोपडीधारकांची घरं बांधून घ्यायची सोय आली, आणि १९९५ ला शिवसेना-भाजप युतीने ४० लाख झोपडीवासीयांना मोफत घरं म्हणून निवडणूक जिंकली. अफझलपूरकर समिती बसली, एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण) आली, २२५ चौरस फूट घर फुकट, बिल्डर खर्च काढणार विक्रीच्या टॉवरमधून. पुढे ते घर २६९ आणि मग ३०० फुटांचं झालं, १९९५ पर्यंतच्या झोपड्यांनाच घर ही मुदत २००० पर्यंत सरकली, नंतर २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून घर, पण त्या ४० लाखांसाठी पाच वर्षांत आठ लाख घरं हा आकडा पाव शतकानंतरही आलेला नाही.

कारण योजना चालते ती जमिनीच्या भावावर. वांद्रे-वरळीला बिल्डरांची रांग, नाल्याकाठच्या किंवा एअरपोर्टच्या फनेलमधल्या (विमानं चढतात-उतरतात त्या पट्ट्यातल्या) वस्तीकडे कोणी बघत नाही, तिथे उंच बांधताच येत नाही ना. आणि बाजार पडला की काम थांबतं. रहिवासी झोपडी सोडून बाहेर गेलेला, एक-दोन वर्षं भाडं येतं, मग बंद, मग एसआरए नोटीस काढणार, मग विकासक बदलायचा, जुना विकासक कोर्टात, परिशिष्ट दोनवरून, म्हणजे पात्र रहिवाशांच्या यादीवरून पात्र-अपात्र भांडण वेगळंच. या कायद्याखालचे हायकोर्टात तुंबलेले खटले बघून जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने मुंबई हायकोर्टाला कायद्याचंच ऑडिट करायला सांगितलं. आता अशा योजनेवर प्रश्न आला तर मंत्री "नोटीस बजावली" याशिवाय सांगणार काय, त्याच्या हातात फाईल आहे, क्रेन नाही. आणि फाईल हातात असणं हेही जोखमीचं, २०१७ ला ताडदेवच्या एम. पी. मिल कंपाउंडच्या फाईलवरून तेव्हाचे गृहनिर्माण मंत्री प्रकाश मेहतांवर सभागृहात आरोप झाले, लोकायुक्तांची चौकशी लागली आणि २०१९ ला मंत्रिपद गेलं.

उलटं उदाहरण बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचं. तिथे विकासक म्हाडाच, कंत्राटदार नेमला आणि १६० फुटांच्या बदल्यात ५०० फूट. २०१७ ला एक भूमिपूजन, २०२१ ला पुन्हा एक, उशीर इथेही भरपूर, पण ऑगस्ट २०२५ ला वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. मला यातून असं वाटतं की सरकार स्वतः बांधायला उतरलं की निदान उत्तरात आकडा तरी येतो. (जमीन सरकारची होती म्हणून जमलं, हेही खरंच.)

गिरणी कामगारांचं काय झालं ते सगळ्यांना माहितीये तरी सांगतो. १९८२ चा संप, मग बंद गिरण्या, सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८ म्हणत होता ढोबळमानाने तिसरा हिस्सा पालिकेला मोकळ्या जागेसाठी, तिसरा म्हाडाला घरांसाठी, तिसरा मालकाला. २००१ ला त्यात बदल करून वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती केली आणि वाटा एकदम आक्रसला, २००६ ला सुप्रीम कोर्टानेही ते मान्य केलं. २०१२ ला पहिली मोठी सोडत, ६,९२५ घरं, आणि अर्ज लाखाच्या वर. आज बरेच अर्ज वारसांच्या नावावर आहेत. मार्च २०२४ च्या शासन निर्णयात उरलेल्यांना शेलू आणि वांगणीला घरं, आणि कलम १७ असं की तिथलं घर नाकारलं तर हक्क गेला. लालबाग-परळची माणसं बदलापूरच्याही पुढे पाठवायची यावर जुलै २०२५ ला आझाद मैदानात मोर्चा निघाला, त्याच अधिवेशनात ते कलम काढू असं गृहनिर्माण खातं सांभाळणाऱ्या एकनाथ शिंदेंना सांगावं लागलं.

मधल्या काळात मे २०२५ ला नवं गृहनिर्माण धोरण मंजूर झालं, "माझे घर माझे अधिकार", आधीचं होतं २००७ चं. २०३० पर्यंत ३५ लाख घरं, ७० हजार कोटींची गुंतवणूक. त्यातली मुंबईत किती, त्यातली म्हाडा स्वतः किती बांधणार आणि बिल्डरच्या भरवशावर किती, हे तीन उपप्रश्न एखाद्या आमदाराने एकत्र टाकले तर उत्तर वाचायला मजा येईल.