पस्तीस किलोचा रिसीव्हर आणि खिशातला डॅक: मागची कहाणी

जुनं हाय-फाय भारी की आजचं ऑडिओ, हा वाद निघाला की हमखास कोणीतरी सत्तरच्या दशकातल्या पायोनियर नाहीतर मरांट्झ रिसीव्हरचा (म्हणजे रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच डब्यात) फोटो टाकतो, चकचकीत अ‍ॅल्युमिनियम, निळसर दिव्यांची डायल, लाकडी बॉडी, आणि खाली एकच वाक्य, "असं आता बनत नाही". बनत नाही हे खरंच आहे. पण मुळात तसं का बनायचं हे कोणी विचारत नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे, कारण तो डबा एवढा जड होण्यामागे आवाजाच्या दर्दींपेक्षा स्पीकरच्या पेटीचं गणित, जपानी येनचा भाव आणि अमेरिकन सरकारचा एक नियम यांचा हात जास्त आहे.

सुरुवात स्पीकरपासूनच करावी लागते. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा खालपर्यंत जाणारा बास हवा असेल तर गोदरेजच्या कपाटाएवढी पेटी लागायची. अमेरिकेत पॉल क्लिप्शने 1946 मध्ये क्लिप्शहॉर्न काढला, तो खोलीच्या कोपऱ्यातच ठेवायचा, कारण दोन भिंती त्याच्या भोंग्याचं काम करतात. असला हॉर्न चार-पाच वॉटमध्येही घर दणाणून सोडतो, त्यामुळे व्हॉल्व्हवाले (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांवर चालणारे) छोटे अ‍ॅम्प पुरून उरायचे. इंग्लंडमध्ये 1947 साली विल्यमसन नावाच्या इंजिनिअरने 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात 15 वॉटच्या अ‍ॅम्पचं सर्किट छापलं आणि जगभरच्या हौशी लोकांनी ते घरी सोल्डर करून बनवलं, त्याचं डिस्टॉर्शन, म्हणजे मूळ आवाजात होणारा बिघाड, 0.1 टक्क्याच्या आसपास होतं, म्हणजे आजही नाक मुरडायला जागा नाही. पुढच्याच वर्षी कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने एलपी (लाँग प्लेइंग रेकॉर्ड) आणली. त्याआधी 78 ची तबकडी होती, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, म्हणूनच अब्दुल करीम खाँसाहेबांचा अख्खा राग आपण तेवढ्याच वेळात आटोपलेला ऐकतो. एलपीवर एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळायला लागली आणि खरखरही पुष्कळ कमी झाली.

मग 1954 ला मॅसॅच्युसेट्समध्ये एडगर विलचर आणि हेन्री क्लॉस यांनी अ‍ॅकॉस्टिक रिसर्च नावाची कंपनी काढली, आणि माझ्या मते हाय-फायच्या इतिहासातलं खरं वळण हेच, पण याच्याबद्दल बोलतं कोण. विलचरची आयडिया अशी की पेटी पूर्ण हवाबंद करायची, स्पीकरचा कोन (पुढेमागे हलणारा कागदी भाग) मुद्दाम सैल बांधायचा, आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचं काम करू द्यायचं. हवा ही कोन धरून ठेवणाऱ्या कापड-कागदाच्या सस्पेन्शनपेक्षा जास्त सरळमार्गी स्प्रिंग आहे, त्यामुळे शेल्फवर मावेल अशा पेटीतून एकदम खोल आणि स्वच्छ बास यायला लागला. पण फुकट काहीच मिळत नाही. छोटी पेटी, खोल बास आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज, यातल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात, तिसरी सोडावी लागते. विलचरच्या पेटीने तिसरी सोडली, ती अक्षरशः वॉट खाते.

एवढ्यात 1958 च्या सुमाराला स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या आणि प्रत्येक घरात एकाच्या जागी दोन स्पीकर लागायला लागले. दोन कपाटं दिवाणखान्यात कोण ठेवू देणार! छोट्या पेट्या जिंकल्या आणि त्यांच्यासोबत वॉटची भूक आली. व्हॉल्व्हमधून जास्त वॉट काढायचे तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग होतात, ट्रान्झिस्टरला तो ट्रान्सफॉर्मर बहुतेक वेळा लागतच नाही, म्हणून साठच्या दशकात सगळे ट्रान्झिस्टरकडे पळाले. सुरुवातीचे जर्मेनियमवाले अ‍ॅम्प कर्कश वाजायचे आणि पटापट जळायचे, व्हॉल्व्ह गोड असतो ही समजूत बरीचशी त्याच काळातली आहे. सिलिकॉन आल्यावर गाडी रुळावर आली.

आता वॉट विकायचे म्हटल्यावर थापा आल्याच. पीक पॉवर, म्युझिक पॉवर, दोन्ही चॅनलची बेरीज, ज्याला जो आकडा मोठा वाटेल तो त्याने छापला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टू-इन-वनवर हजार वॉट पीएमपीओ (असाच फुगवलेला पीक आकडा) असे स्टिकर असायचे, तोच खानदानी रोग, फक्त वीस वर्षं उशिराने. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने 1974 मध्ये नियम केला की आकडा छापायचा तर सलग मिळणारी पॉवरच छापा, किती ओहमच्या स्पीकरवर, कुठल्या फ्रिक्वेन्सीपासून कुठपर्यंत आणि किती डिस्टॉर्शनला तेही लिहा, आणि मोजण्याआधी अ‍ॅम्प एक तास एक तृतीयांश पॉवरवर चालवून गरम करा. हे शेवटचं कलम वाचायला साधं आहे, पण त्या काळच्या अ‍ॅम्पमध्ये ट्रान्झिस्टर सगळ्यात जास्त तापतो तो फुल पॉवरला नाही, साधारण त्या एक तृतीयांशच्या आसपासच! घरात गाणं ऐकताना तेवढी सरासरी पॉवर कधीच जात नाही, पण चाचणी पास व्हायची तर हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्या) मोठे हवेत, वीजपुरवठ्याचा ट्रान्सफॉर्मर मोठा हवा. तो भारदस्तपणा ज्याला आपण जुन्या काळची दानत समजतो, त्यातला बराच भाग या एका तासाचा आहे. पुढे 2000 साली ही अट एक अष्टमांशवर आणली.

त्यात जपानी कंपन्या. व्हिएतनाम युद्धात असलेले अमेरिकन सैनिक लष्करी दुकानांतून स्वस्तात सान्सुई, पायोनियर, केनवूड घेऊन घरी पाठवायचे, त्यामुळे अमेरिकेत नावं आधीच माहितीची झाली होती, आणि 1971 पर्यंत एका डॉलरला 360 येन असा बांधलेला भाव असल्यामुळे माल स्वस्त पडायचा. सॉल मरांट्झने न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेली कंपनी 1964 लाच सुपरस्कोप कंपनीने घेतली होती आणि तिचे रिसीव्हरही पुढे जपानमध्येच बनायला लागले. मग जी वॉटची शर्यत लागली ती बघण्यासारखी आहे. पायोनियरचा एसएक्स-1250 दर चॅनलला 160 वॉट, 1978 चा एसएक्स-1980 तर 270 वॉट आणि वजन पस्तीस किलो, त्यावर मरांट्झचा 2600 हा 300 वॉट. कानाला काय फरक पडतो? वॉट दुप्पट केले की तीन डेसिबल वाढतात, म्हणजे 'हो, जरा वाढला वाटतं' एवढंच. 270 वरून 300 म्हणजे अर्ध्या डेसिबलहूनही कमी, निव्वळ मिशीला पीळ. त्याच 1978 मध्ये एनएडी कंपनीने 3020 नावाचा अ‍ॅम्प काढला, कागदावर फक्त 20 वॉट, दिसायला एकदम गरीब, आणि तो लाखांनी खपला.

शर्यत थांबली त्याचं कारण कानात नाही, खिशात आहे. येन वधारला, जड लोखंड जहाजातून पाठवणं परवडेना, आणि 1 ऑक्टोबर 1982 ला जपानमध्ये सोनीचा सीडीपी-101 हा पहिला सीडी प्लेअर आला तशी लोकांची नजर सीडीकडे वळली. पुढे होम थिएटरमुळे त्याच पैशात दोनऐवजी पाच चॅनल द्यायची वेळ आली, मग अ‍ॅल्युमिनियमच्या जागी प्लास्टिक येणारच.

मग आज तुलना करायची कशी? अ‍ॅम्पमध्ये कानाला कळणारं डिस्टॉर्शन सत्तरच्या दशकातच संपलं होतं, आजचा क्लास डी अ‍ॅम्प तेच काम तळहाताएवढ्या बोर्डावर करतो, कारण तो ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा नुसता चालू-बंद करतो आणि उष्णता फारशी होतच नाही. सोर्समध्ये तर तुलनाच नको, एलपीची डायनॅमिक रेंज (सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर) 60-70 डेसिबल, सीडीची 96, आणि हल्लीचा फोनला लावायचा डोंगलसुद्धा (हाच तो खिशातला डॅक, डिजिटल आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारा) त्या पहिल्या सीडी प्लेअरला लाजवतो. खरी प्रगती स्पीकरमध्ये झाली. थील आणि स्मॉल या दोन इंजिनिअरांची स्पीकरच्या पेटीची गणितं आली, त्यामुळे पेटी अंदाजाने नाही तर हिशोबाने बनायला लागली, मग ऐंशीच्या दशकात कॅनडात संशोधक फ्लॉइड टूल यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले, तेव्हा कळलं की समोरच नाही तर बाजूलाही एकसारखा आवाज फेकणारा स्पीकर लोकांना आवडतो. माझ्याकडे बजेट असेल तर जुना अ‍ॅम्प चालेल पण स्पीकर मी नवेच घेईन.

तरी जुनं 'भरदार' का वाटतं? एक तर त्या रिसीव्हरवर लाउडनेसचं बटण असतं, कमी आवाजात कानाला बास कमी ऐकू येतो म्हणून ते बास चढवून देतं, आणि निम्मे लोक ते बारा महिने दाबूनच ठेवतात. आणि दुसरं म्हणजे रेकॉर्डिंगच. नव्वदनंतर गाणी मोठ्यात मोठी वाजावीत म्हणून मास्टरिंगमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगच्या शेवटच्या टप्प्यात, दाबून सपाट केली गेली, त्यामुळे त्याच गाण्याची जुनी एलपी मोकळी वाटते, पण ते श्रेय मशीनचं नव्हे.

आपल्याकडे यातलं फार थोडं नवंकोरं आलं. आयात ड्युटी जबर होती, त्यामुळे कोणी आखातातून आणलं तर आणलं, नाहीतर एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर, रेडिओग्राम, आणि परवडलं तर कॉस्मिक किंवा कोलकात्याचं सोनोडाइन. आज चोरबाजारात किंवा ऑनलाइन जे जपानी-अमेरिकन रिसीव्हर दिसतात ते बहुतेक नंतर भंगाराच्या नाहीतर सेकंडहँडच्या वाटेने आलेत, आणि त्यातले बरेच 100 नाहीतर 120 व्होल्टचे आहेत. मागे व्होल्टेज सिलेक्टर आहे का ते बघितल्याशिवाय आपल्या 230 च्या सॉकेटला लावू नका, नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच. नॉब फिरवताना खरखर झाली तर घाबरायचं नाही, कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. पण चाळीस-पन्नास वर्षांचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असतात, स्पीकर फोमच्या कडेचे असतील तर मुंबईच्या दमट हवेत बोट लावलं तरी भुगा होतो, आणि हा खर्च विकणारा कधीच किमतीत धरत नाही.