पट्ट्यांमधलं बाळ पाय झाडतंय ना?

तुमच्या बाळाच्या मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत नीट बसत नाही, म्हणून डॉक्टरांनी पावलिक हार्नेस, म्हणजे पाय वाकवून धरणारे पट्टे, सुचवला आणि तो तुम्ही आमच्याकडून नेलात. घरी पोचल्यावर पहिल्या रात्री पोटात गोळा येतोच. एवढंसं बाळ आणि एवढे पट्टे! म्हणून हे चार शब्द.

1940च्या दशकात चेक डॉक्टर आर्नोल्ड पावलिक यांनी हे पट्टे तयार केले, ते बाळाला जखडण्यासाठी नव्हेत. त्याआधीच्या ताठ साच्यांत पाय हलायचेच नाहीत आणि खुब्याचं नुकसान व्हायचं. या पट्ट्यांत बाळ पाय झाडतं आणि त्या हालचालीनेच खुब्याचा गोळा वाटीत नीट बसत जातो. म्हणून रोज बघायची पहिली गोष्ट म्हणजे बाळाचं पाय झाडणं.

छातीपासून पायाकडे येणारे पुढचे पट्टे खुबा काटकोनात किंवा किंचित जास्त वाकलेला ठेवतात. ते जास्त आवळले गेले तर जांघेतल्या नसेवर दाब येतो. मग बाळ बोटं हलवतं, पाऊल हलवतं, पण गुडघा काही सरळ करत नाही. हे फसवं असतं. घरच्यांना वाटतं, पाय तर हलतोय. कपडे बदलताना तळव्याला हलकेच गुदगुल्या करा आणि दोन्ही गुडघे सारखे झटकले जातात का ते पाहा. एक पाय गप्प वाटला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. डॉक्टरांनी वेळेत पट्टे सैल केले किंवा काही दिवस काढून ठेवले, की ताकद बहुतेक वेळा परत येते.

मागचे पट्टे मांड्या एकमेकींजवळ येऊ देत नाहीत, बस्स. मांड्या ताणून फाकवायला ते नाहीतच. ते घट्ट झाले तर गोळ्याचा रक्तपुरवठा दबू शकतो. त्यातून होणारी इजा घरी दिसत नाही, पुढे एक्स-रेमध्ये कळते. सगळ्या गुंतागुंतींत आम्हाला हीच सर्वांत गंभीर वाटते. एका आजींनी पट्टा सैल दिसतोय म्हणून मायेपोटी दोन बोटं आवळला होता. चूक आमचीही होती, आम्ही फक्त आईला समजावलं होतं. तेव्हापासून पट्ट्यावरच्या पेनाच्या खुणा बाळाला सांभाळणाऱ्या प्रत्येकाला दाखवतो. खुणेच्या पुढे नाही, मागे नाही. बाळ वाढतं तसे पट्टे बदलावे लागतात, पण ते काम तपासणीच्या दिवशी डॉक्टरांचं.

गोळा वाटीत बसतच नसेल आणि तरी पट्टे आठवडेच्या आठवडे चालू ठेवले, तर वाटीची मागची कड झिजते. म्हणून तीन-चार आठवड्यांत सोनोग्राफी बघून डॉक्टरांनी ‘आता थांबवू, प्लास्टर करू’ म्हटलं, तर ‘अजून महिनाभर ठेवून बघू’ असा आग्रह धरू नका. तुम्ही कुठे कमी पडलात असा त्याचा अर्थ नाही.

त्वचेचा त्रास मात्र घरोघरी होतो आणि तो टाळता येतो. जांघ, गुडघ्यामागची घडी आणि मान रोज पुसून कोरडी ठेवा. पट्ट्यांखाली सुती झबलं आणि लांब मोजे घाला. तेल आणि पावडर पट्ट्यांखाली साचून कातडी सोलते. मालिशवाल्या बाईंना स्पष्ट सांगा की पाय ओढून सरळ करायचे नाहीत. पट्टे निघाल्यावरही दुपट्यात पाय जुळवून आवळू नका. पावसाळ्यात पुण्यात काही वाळत नाही, पण हार्नेस धुवायला काढायचा का, हे आधी डॉक्टरांना विचारा. डाग पडला तर बाळाच्या अंगावरच ओल्या फडक्याने टिपून घ्या.

आणि पायाबद्दल शंका आली की लगेच अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा, दोन्ही पाय दिसतील असा. ट्रॅफिकमधून दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ बहुधा झोपलेलं असतं.